अर्ध्या मैलाचं ऊन

तमंदानीच्या पत्र्यावर काळी चकचकीत काच.
तिच्यावर एक कोंबडी येऊन बसते,
रोज, नेमकी दुपारी.
"अर्ध्या मैलाचं ऊन खाल्लं मेलीनं!"
तमंदानी खडा उचलते,
नेम चुकवते.

संध्याकाळी झोंबाचा चढ –
नाव मलावीचं, झोंबणं मराठी.
टोमॅटोच्या दोन पाट्या घेऊन
सायकल गुणगुणत जाते, गुणगुणत जाते
आणि गप्प.
तो अर्धा मैल इथला होता तर.

ती उतरत नाही. उभ्यानं पायडल मारते.
शेजारून धूर सोडत मोटारसायकल,
वर बसलेला पोरगा ओरडतो,
"काय मावशी, सूर्य संपला?"

"नाही रे," ती धापा टाकत म्हणते,
"कोंबडीखाली आहे.
उबतोय."