बिस्किटांचा डबा

सकाळी सव्वासातला मी डबा फिरवतो.
पत्र्याचा, निळा, झाकणावर कुठल्याशा राणीचं पुसट तोंड.
मुलं त्यात फोन टाकतात,
रविवारी चर्चमध्ये थैली फिरते तेव्हा मोठी माणसं टाकतात
तितक्याच नाखुशीनं.

आठवी ब. एकोणसाठ मुलं, अकरा फोन,
त्यातले सहा आईबापांचे.
काचा तडकलेल्या, एकाला रबरबँड,
एकाच्या पाठीवर माशाचे खवले, सुकून चमकणारे.

मग मी खंड कसे सरकले ते सांगू लागतो
आणि टेबलाखाली डबा थरथरतो,
आत जिवंत मासा असावा तसा.
मुलांना आवाजावरून कळतं :
"म्वालिमू, हा ओबोन्योच्या काकाचा."

नियम मीच मागितला होता, खोटं कशाला बोलू.
गेल्या सत्रात ओबोन्योनं शेवटच्या बाकावरून
फुटबॉलवर वीस शिलिंग लावले, आणि जिंकला.
जिंकला हे जास्त वाईट.
आठवड्याभरात अर्धा वर्ग गोलांच्या हिशेबात तरबेज
आणि अपूर्णांकात होता तसाच ढ.
शिवाय माझ्या उसवलेल्या विजारीचा व्हिडिओ
सरोवराच्या धक्क्यावर चहावाल्यापर्यंत पोचला होता.

मंगळवारी नद्यांची नावं लिहून मी फळ्यापासून बाजूला झालो
आणि टिक असा आवाज आला.
तिसरा बाक. अवुओर.
हात पुढे केला. तिनं फोन दिला,
मान खाली घातली, बोलली नाही.
मीही विचारलं नाही.
दिवसभर बोलणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायची सवय राहत नाही.

दुपारी तिची आई आली,
हातांना सुकटीचा वास, बोटांच्या पेरांत मीठ.
"किसुमूचा व्यापारी त्याच्यावर पैसे पाठवतो.
आज नाही मिळाले तर पहाटे होडीवाला मला मासळी देणार नाही.
शिक्षा पोरीला द्या ना. मला का?"
मी फोन काढून दिला.
तिनं तो परत माझ्याच हातात ठेवला :
"आलेत का तेवढं वाचा."

पैसे आले नव्हते.
बोट चुकून घसरलं आणि समोर माझा फळा.
पुन्हा फळा. सोमवारचा, गेल्या महिन्यातला,
माझं तिरकं अक्षर, कोपऱ्यात माझी बाही.
काही फोटो कापून मोठे केलेले,
एकेक ओळ, कधी एकच शब्द,
'पाणलोट' एवढाच, पडदाभर.

"तिला लांबचं दिसत नाही," आई म्हणाली,
आज वारा पडलाय म्हणावं तशी.
"तुम्हांला ठाऊक नव्हतं?"

तीन वर्षं. प्रगतिपुस्तकात दर वेळी
माझ्याच हातचं : लक्ष देत नाही.

शुक्रवारी सभा झाली. बाई म्हणाल्या,
"एकीला सूट द्या, सोमवारी एकोणसाठ जणांचे डोळे बिघडतील."
सगळे हसले. मीही.
त्यांचं काही चुकलं असंही नाही.
सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात,
आमच्या किनाऱ्यावर तर दोन्ही एकाच जाळीवर पसरलेलं असतं,
उन्हाला काय सांगणार, हे सोड आणि ते सुकव?
हात वर करायची वेळ आली
तेव्हा माझा कोपरापर्यंतच उठला.
"हा धरायचा का?" लिहून घेणाऱ्या ओकुमूनं विचारलं.
मी खाजवल्यासारखं केलं.

आता अवुओर पहिल्या बाकावर बसते
आणि तिथूनही डोळे बारीक करते.
चष्मा किसुमूला मिळतो, फेरीचं भाडं वेगळं.
मी अक्षर मोठं काढतो,
फळ्यावर निम्माच धडा मावतो.

आज डबा फिरवताना
तिच्या बाकापाशी मी बुटाची नाडी बांधायला वाकलो
आणि उठून थेट पुढच्या रांगेत गेलो.
माझ्या पायांत चपला होत्या.
ते ओबोन्योनं बरोबर पाहिलं.