इसार

पलूसच्या स्टँडमागं, झेरॉक्सच्या वर स्टुडिओ.
पोरगा सांगतो: ड्रोन, क्रेन, कृष्णेच्या घाटावर प्री-वेडिंग,
पंचाहत्तर हजार. आमच्या माणसांचं जेवण तुमच्याकडं.

मालन ऐकून घेते.
'माझ्या लग्नाची कॅसेट आहे घरात.
अकरा मिनिटं सोसायटीचे चेअरमन जिलेबी खातायत.
मी दोनदा. एकदा नुसता हात,
एकदा पाठमोरी, लाइटच्या वायरीत पाय अडकलेली.'

पोरगा हसत नाही.
'बुर्लीचं लग्न ना? मग आण्णाच असणार. माझे वडील.
चेअरमननी पैसे शेवटपर्यंत दिले नाहीत.'

ती पाचशेच्या दहा नोटा मोजते,
चुरगळलेली अकरावी वेगळी सरकवते.
'अक्षता पडताना नवरीची आई
मांडवामागं तुळशीला पाणी घालत असते.
तिकडं एक माणूस ठेवा.'