सदतिसावं पान

पुस्तकं लातूरहून दुपारच्या गाडीनं आली,
ड्रायव्हरच्या पाठीमागं,
कुणाच्या तरी माहेराहून निघालेल्या पिशव्यांखाली दबून.
कंडक्टर म्हणाला, दगडं भरलेत का ओ?
मी पावतीवर सही केली.
चार खोकी. दोन वर्षांचं अनुदान, एकदमच.

औशात आमचं वाचनालय तहसीलच्या मागं.
खाली खताचं दुकान, वर आम्ही.
कादंबरी उघडली की आधी खताचा वास येतो,
मग कागदाचा.

पुस्तक दाखल करायची एक रीत असते.
नोंदवहीत क्रमांक, तारीख, किंमत.
पहिल्या पानावर गोल शिक्का, शेवटच्या पानावर गोल शिक्का,
आणि एक आत, ठरलेल्या गुप्त पानावर,
म्हणजे कुणी पुढची-मागची पानं फाडली
तरी लेकरू कुणाचं ते ओळखू यावं.
आमचं गुप्त पान सदतीस.
सदतीसच का, ते ठरवणारे गेले.

सव्वीस वर्षं मी सदतिसावं पान वाचत आलोय.
शाई वाळेपर्यंत जेवढं होईल तेवढं.
आत्मचरित्रात त्या पानावर वडील बहुधा जिवंत असतात.
खून झालेला असतो, खुनी चहा पीत असतो.
प्रेमात पडणाऱ्यांनी एकमेकांना
अजून नीट नावसुद्धा विचारलेलं नसतं.
पुढं काय होतं ते गावाला माहीत.
मला नाही.

शेवंताबाई मेसवर दोनशे पोळ्या लाटून येते,
मनगटावर पीठ तसंच.
जाड दे, म्हणते, पातळ लगेच संपतंय.
कल्लूरे गुरुजी आधी किंमत बघतात,
मग सुस्कारा टाकतात, मग पुस्तक.
भरतीची पोरं मान वर करतात
ती फक्त पंखा थांबला तर.

तीन खोकी संध्याकाळपर्यंत झाली.
चौथं पोरांचं.
आधी पोरांसाठी यायची ती बारीक टायपाची, बोधाची,
त्यांना सदतिसावं पान असायचं.
ही चोवीस पानांची.
आणि सगळीकडं चित्रं, कोपऱ्यापर्यंत.
शिक्का हातात घेऊन मी बसलो.
शाई वाळू लागली.

काय करलालाव, काका?
बेकरीवाल्या जब्बारची मिस्बाह,
फ्रॉकला खारीचा भुगा.
म्हटलं, जागा शोधलालाव, शिक्क्याला.
मग वाचून बघा की आधी, ती म्हणाली,
जसं काही ते मला सुचलंच असतं.

वाचलं. मोठ्यानं, कारण ती ऐकत होती.
एक शेळी होती, तिला बाजारात जायचं नव्हतं.
तलाठ्यापुढं गेली, सरपंचापुढं गेली,
सगळ्यांचे कागद खात गेली.
तेराव्या पानापर्यंत पंखा बंद होता
आणि पोरांपैकी कुणी उठलं नाही.
चोविसाव्या पानावर शेळी बाजारात पोचली,
पण विकायला नाही. काय ते सांगत नाही,
पुस्तक आहे, न्या.

शिक्का कुठं मारायचा?
मिस्बाहनं पान नऊ उघडलं,
शेळीच्या पोटावर बोट ठेवलं.
इथं. तिनं खाल्लाय म्हणायचं.
मी मारला. गोल बसला,
वाचनालयाचं नाव पोटात, स्थापना वर्ष शेपटीकडं.
नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं:
गुप्त पान नऊ. शेळीत.
लेखापरीक्षक विचारतील, तेव्हा बघू.

पुस्तक तीच पहिली घेऊन गेली.
दुसऱ्या दिवशी परत,
पानांत खारीचे दोन पापुद्रे,
आणि नवव्या पानावर, शेळीच्या तोंडापुढं,
पेन्सिलनं काढलेलं गवत. पुष्कळ.
मी चष्म्यावरून बघितलं.
नियम सात, पुस्तकात लिहिल्यास दंड.

ती म्हणाली,
नुसता शिक्का खाऊन पोट भरतंय का, काका?

दंडाची पावती अजून फाडलेली नाही.