मुरमाचा आवाज

मे महिन्यात आम्ही सव्वापाचलाच सुरू करतो.
सातनंतर सिमेंट बुटातून वर चढतं.

नेट मधोमध फाटलेलं.
महापालिकेला दोन अर्ज झाले.
तिसऱ्याच्या आधी बारापात्रेंनीच घरून सूत आणलं
आणि गाठी मारल्या, विणकराच्या,
शोधूनही न सापडणाऱ्या.
तांडापेठेतला माग विकून तीस वर्षं झाली,
बोटांना कुणी कळवलं नाही.

"आपल्याच्यानं धावनं होत नाही, मॅडम,
बॉल इकडंच टाकत जा."
मी टाकते.
पॉइंट मात्र ते एक सोडत नाहीत.

होळीपासून विचारू लागले,
"आत होता का?"
आधी वाटलं, सभ्यपणा.
मग दिसलं, ते माझ्याकडे बघतात,
रेषेकडे नाही.
रेषा तरी कुठाय म्हणा,
चुना मागच्या पंधरा ऑगस्टचा.

विषय मी काढला नाही.
बाहेरचे एक-दोन आत घेऊ लागले, इतकंच.

काल चार-चार असताना त्यांचा फोरहँड
चांगला वीतभर बाहेर.
"आत," मी म्हटलं.

ते थांबले. बाहीनं घाम पुसला.
"सिमेंटवर टप्प वाजते.
हा कडेच्या मुरमावर पडला.
पॉइंट तुमचा.
आन् मॅडम, जूनमधी ऑपरेशन डोयाचं आहे,
कानाचं नाही."

सर्व्हिस त्यांचीच होती.
जाळीपलीकडे तर्रीपोह्याच्या ठेल्यावर
स्टोव्ह भकभकला, मग एका सुरात लागला.
मी डोळे बारीक केले,
कान मोठे.

सहा-चार हरले.