अकरा फूट

बैठक बागेतच झाली, हास्यक्लबच्या शेडमध्ये.
सतरंजी तांबोळीबाईंची, चहा थर्मासमधला,
इतिवृत्त माझ्याकडे, कारण माझं अक्षर वळणदार.

महापालिकेचा नकाशा
चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवून पसरलेला.
त्यात आमची बाग एक हिरवा चौकोन
आणि तिच्या कुशीतून गेलेली लाल रेघ.
दोन वर्षं आम्ही त्या रेघेशी भांडलो.
निवेदनं, माहितीचा अधिकार, हरकती,
एकदा मुलांची साखळी, तळजाईच्या उतारापर्यंत.
रिसबुडांनी तर एकेका झाडाचा घेर मोजला
सुनेच्या शिवणाच्या टेपने,
आणि वहीत लिहिला,
जसा कुणी लेकीच्या लग्नातला आहेर लिहून ठेवतो.

दळवी म्हणाला,
(कनिष्ठ अभियंता, माझ्या लेकाच्या वयाचा,
खिशात दोन पेनं, त्यातलं एक न चालणारं)
'चोवीस मीटरचा अठरा करतो.
भिंत अकरा फूट आत.
झाडं एकतीस नाही, नऊ.
याच्या खाली साहेब येणार नाहीत.'
भाजीच्या भावासारखं बोलला तो,
आणि खोटं कशाला बोला,
आम्हीही तसंच ऐकलं.

रिसबूड उठले.
नऊ म्हणजे कुठली नऊ? नावं घ्या.
दळवीकडे नावं नव्हती, नंबर होते.
चार, सात, बारा, तेरा.
ओव्हाळ माळी शेडच्या बाहेर पाइप धरून उभा,
त्याला बैठकीला कुणी बोलावलं नव्हतं,
तो तिथूनच सांगत गेला:
चार म्हणजे करंज. सात कांचन.
बारा तो वाकडा बहावा, पोरं लोंबकळतात तो.
सतरा कशाला लिहिताय साहेब,
सतरा दिवाळीतच मेलंय.
सगळे हसले.
त्या शेडमध्ये ठरवल्याशिवाय कुणी हसण्याची
ही बहुधा पहिलीच वेळ.

मग मागच्या वस्तीतल्या सुलोचना कुदळे.
दोन वर्षांत पहिल्यांदा आलेल्या,
म्हणजे, दोन वर्षांत पहिल्यांदा बोलावलेल्या.
'सासऱ्यांना आम्ही प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून
मेन रोडपर्यंत उचलून नेलं.
गाडी वळतच नव्हती गल्लीत.
झाडं मलाही आवडतात,' म्हणाल्या,
आणि पुढे काहीच म्हणाल्या नाहीत.
ओव्हाळने पाइपचं तोंड अंगठ्याने दाबून धरलं.

मी लिहिलं:
सविस्तर चर्चेअंती
तडजोडीचा प्रस्ताव सर्वानुमते मान्य.
'सर्वानुमते' लिहिताना
रिसबुडांकडे पाहिलं नाही.
सही त्यांनी केली. तारीख घातली नाही.
ती नंतर घरी मी घातली,
त्यांच्या साताला असते तशी
मधून आडवी रेघ देऊन.

आता भिंत नवी आहे.
एका जागी ओल्या सिमेंटवरून मांजर गेलेलं दिसतं.
पुनर्रोपण केलेल्या तिघांपैकी
कांचनाला पानं आलीत, बाकीच्यांचं
अजून विचारायचं नाही असं ठरलंय, न बोलता.
परवा पहाटे पलीकडून अँब्युलन्स गेली.
सायरन नव्हता.
कोणासाठी आली होती, कळलं नाही,
पण वळली.

चालायच्या वाटेला पूर्वी
चार फेऱ्यांचा एक किलोमीटर व्हायचा,
रिसबुडांनीच मोजलेला.
आता जाताना अकरा फूट कमी, येताना अकरा,
चार फेऱ्यांत अठ्ठ्याऐंशी.
हे सगळ्यांना ठाऊक आहे.
तरी चौथ्या फेरीला सगळे थांबतात,
घाम पुसतात,
म्हणतात, चला, झाला किलोमीटर.

एकटे रिसबूड
भिंतीशी आले की उभे राहतात,
तोंड भिंतीकडे,
आणि जागच्या जागी दहा पावलं टाकून
मगच वळतात.