भक्ष्य, एक नग

व्हाउचरवर मी लिहितो :
भक्ष्य, जिवंत, एक नग. भाडं रात्रीचे दोनशे.
रंगाला रकाना नाही.
पांढरी होती. एका कानाला चीर.

पळशाच्या शिवारात, दारणेच्या अंगाला,
उसात पिंजरा लावला.
मध्ये जाळी. अलीकडे ती, पलीकडे
बिबट्याएवढी रिकामी जागा.
सुबाभळीचा पाला टाकला, पाण्याचं घमेलं ठेवलं.
नियमात आहे.

बकरी देवळालीगावच्या मुनीरभाई खाटकाची.
दावं हातात देताना म्हणाला,
"माझं काम क्षणाचं असतं, साहेब.
तुमचं रात्रभर चालतं."
मला साहेब म्हणणारा तो एकटाच.
मी रोजंदारीवर. दर रविवारी त्याच्याचकडून
अर्धा किलो नेतो, खांद्याचं.

पहिल्या रात्री ती इतकी ओरडली
की मळ्यातली कुत्री गप्प झाली.
जीपमध्ये बसून, उगाच, मी ते मोबाईलवर टिपलं.
तिसऱ्या रात्री बिबट्या आला.
दार पडल्याचा आवाज मला ओळखीचा.
त्यानंतरचा नव्हता :
एकाच जाळीच्या दोन्ही बाजूंना
धाप.

सकाळी अख्खं पळसे लोटलं, पोरं खांद्यावर घेऊन.
बिबट्याचे फोटो निघाले शेकड्यांनी.
तिच्या बाजूचं दार मी उघडलं. आली नाही.
उचलून काढावी लागली.

मुनीरभाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, काढून घेतला.
"भ्यालेलं जनावर मी कापत नाही. चिवट निघतं."
दया होती की धंदा, त्यानं सांगितलं नाही.
मीही खोदून विचारलं नाही.
त्या रविवारी मात्र अंडी नेली.
पुढच्या रविवारी पुन्हा मटण.

मग चेहेडीहून फोन. गोठ्यातलं वासरू नेलं.
साहेब म्हणाले, तीच आण,
चांगली ओरडते.

ती ओरडली नाही.
दहा वाजले. अकरा. पात्यावर पातं घासत होतं.
वरून विचारणा : आवाज का येत नाही?
कान पिळ तिचा, मागून कुणीतरी म्हणालं.

मी मोबाईल गजाला बांधला
आणि तिचाच, पहिल्या रात्रीचा, आवाज लावला.

तिनं मान वर केली.
अंधारात कोण हाका मारतंय, शोधत राहिली.
मग, करडाला देतात तसं,
अगदी हळू
उत्तर दिलं.