बादलीखालचा मोह

गोरेवाड्याच्या मागं, सकाळचे सात.
कालपासून उघाड आहे,
वारा अजून उठला नाही,
म्हणून पंप पाठीवर.

यशोदा उईके पुढं चालते,
रंगाची रिकामी बादली
एकेका मोहावर पालथी घालत.
वीतभर रोप, चार पानं,
क्षणभर अंधारात.
मी भोवती निळं पाणी फवारतो,
गाजरगवतावर, रानतुळशीवर.
बादली उचलते. पुढचं रोप.

मारवेलापाशी बादली चालत नाही.
तिथं वाकून बोटांनीच ओळखायचं,
पेऱ्यावर लव आहे का.
गेल्या साली मी वाकलो नाही.
पंधरा दिवसांनी अख्खी ओळ
तणसासारखी पिवळी.
साहेबांनी रजिस्टरात लिहिलं, 'वाऱ्यामुळे'.
वारा नव्हता.

"थांब न बापा," यशोदा म्हणते,
अन् तरोट्याची कवळी पानं ओच्यात खुडू लागते,
अजून न फवारलेल्या पट्ट्यात.
यादीत तरोटा तण आहे,
तिसऱ्या नंबरवर.
घरी त्याची भाजी, चण्याची डाळ घालून.

नोझल वर धरून मी उभा.
एक निळा थेंब बुटावर.
"ओचा भरला का सांग," म्हणतो,
"साडेआठला वारा सुटते."